भरसमुद्रात रेंज येते कुठून?
शिडाच्या बोटीवरचं उपग्रह इंटरनेट

या कार्यक्रमात आपण गटाची वही, बँकेचं कर्ज, शेळ्यांचं लसीकरण, पोरींची शाळा अशा रोजच्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय जरा लांबचा, थेट समुद्राच्या मधोमधचा आहे. पण तो तुम्हीच काढला. आम्ही गटांच्या बैठकांना गावोगाव फिरतो, तेव्हा या वर्षी एक प्रश्न बऱ्याच ठिकाणी ऐकला. "ताई, आमच्या वाडीत फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागतं. मग त्या दोघी बाया जगाला फेरी मारून आल्या, त्यांना भरसमुद्रात रेंज कुठून मिळत होती?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर आपल्या वाडीतल्या रेंजचं गणितही कळतं. पुढे कुणी 'छपरावर इंटरनेटची डिश बसवून देतो' म्हणत गटाच्या दारात आला, तर त्याला काय विचारायचं तेही कळतं. म्हणून आज सावकाश बोलू.

त्या दोघी आणि त्यांची बोट

आधी त्या दोघींविषयी. भारतीय नौदलातल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यालाच परत आल्या. त्यांच्या बोटीचं नाव 'तारिणी'. ही शिडाची बोट आहे, म्हणजे वाऱ्यावर चालणारी. लांबी सुमारे १७ मीटर, आपल्या दीड एसटीएवढी. ती बांधली गोव्यातच, दिवाडी बेटावरच्या गोदीत. आठ महिन्यांत या दोघींनी सुमारे २५,४०० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ४७,००० किलोमीटर अंतर कापलं. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं आणि दक्षिण आफ्रिका इथे थांबे घेतले.

याच बोटीने त्याआधी सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या होत्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. तो प्रवास सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ असा झाला. त्या वेळी दिवाळीत पंतप्रधानांनी त्यांना व्हिडिओ कॉल करून शुभेच्छा दिल्या होत्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून तिन्ही दलांतल्या दहा महिला अधिकारी 'त्रिवेणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून जगाच्या फेरीला निघाल्या. त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर.

आता एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. ३० जानेवारी २०२५ रोजी 'तारिणी' प्रशांत महासागरातल्या 'पॉइंट निमो' नावाच्या ठिकाणावरून गेली. जगात जमिनीपासून सगळ्यात लांब असलेलं हे ठिकाण. सर्वांत जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटरवर. तिथे असताना पुष्कळदा सर्वांत जवळची माणसं म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकातले अंतराळवीर, कारण ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. खाली माणूस नाही, मग मोबाईलचा मनोरा कुठला असणार? म्हणून रेंज मागायची ती आभाळाकडेच.

मनोरा आणि उपग्रह

आपल्या मोबाईलची रेंज मनोऱ्यावरून येते. मध्ये डोंगर आला की ती तुटते. समुद्रात डोंगर नाही, पण मनोरेही नाहीत. किनाऱ्यावरच्या मनोऱ्याची रेंज साधारण दहा-बारा किलोमीटर आत जाते. कोकणातल्या आपल्या कोळी भगिनींना हे सांगायला नको. धनी मासेमारीला निघाले की काही वेळाने फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' होतो.

उपग्रह म्हणजे आभाळात टांगलेला मनोरा असं समजा. फक्त तो किती उंचीवर आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

पहिला प्रकार आपल्या ओळखीचा आहे. टीव्हीची डिश आपण छपरावर एकदा एका दिशेला तोंड करून बसवतो आणि मग वर्षानुवर्षं हलवत नाही. कारण तो उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतो. त्यामुळे तो आपल्याला एका जागी थांबल्यासारखा असतो. मोठ्या जहाजांवर अशाच उपग्रहांचं इंटरनेट पूर्वीपासून आहे. पण जहाज डोलतं, वळतं. म्हणून घुमटासारख्या झाकणाखाली डिश ठेवतात आणि मोटरी तिला सतत उपग्रहाकडे वळवत राहतात. हे साधन वजनदार आणि महागडं. शिवाय अंतर एवढं, की आपण प्रश्न विचारला आणि उत्तर आलं यात नुसत्या जाण्यायेण्यालाच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. टीव्हीवर दूरच्या वार्ताहराशी बोलताना दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, ते असल्या अंतरामुळेच.

दुसरा प्रकार खालून फिरणाऱ्या उपग्रहांचा. इरिडियम नावाच्या कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सगळ्या पृथ्वीभोवती फिरतात. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात, अगदी ध्रुवावरसुद्धा, त्यांचा फोन चालतो. साधन हातात मावेल एवढं. पण वाट अरुंद. शिडाच्या बोटींवर वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या त्यांच्या साध्या यंत्राचा वेग आहे सेकंदाला २.४ किलोबिट. म्हणजे किती? मोबाईलवर काढलेला ३ एमबीचा एक फोटो पाठवायचा तर जवळजवळ पावणेतीन तास लागतील. भाकरी थापून, जेवून, भांडी घासून झाली तरी फोटो वाटेतच.

तिसरा प्रकार आताचा. स्टारलिंकसारख्या कंपन्यांचे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात. एवढे खाली असल्यामुळे उत्तर लगेच येतं आणि वाटही रुंद आहे. व्हिडिओ कॉल सहज होतो. पण खालचा उपग्रह पळतो भराभरा. पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे दीड तासात. आपल्या डोक्यावर तो काही मिनिटंच असतो. मग बोलणं तुटत कसं नाही? पूर्वी विहिरीपासून घरापर्यंत बाया रांगेत उभ्या राहून कळश्या हातोहात पुढे द्यायच्या, तसं. एक उपग्रह मावळायच्या आत दुसऱ्याच्या हाती काम दिलं जातं. भरसमुद्रात खाली ग्रहणकेंद्र नसतं, म्हणून उपग्रह लेझरच्या किरणाने आपापसांत निरोप पुढे देतात आणि जिथे जमिनीवर केंद्र आहे तिथे तो उतरवतात.

या डिशला मोटर लागत नाही. ती परातीसारखी खोलगट नसून पाटासारखी सपाट असते. आत शेकडो बारीक अँटेना असतात. त्या आपली नजर विजेच्या जोरावर वळवतात, डिश जागची हलत नाही. म्हणून बोट एका बाजूला कलली, वर-खाली झाली तरी धागा सहसा तुटत नाही. तुटतो तो मध्ये शीड किंवा डोलकाठी आली की. म्हणून बोटवाले ही डिश मागच्या बाजूला, उघडं आभाळ दिसेल अशा जागी खांबावर घट्ट बसवतात. वायर जिथे आत शिरते तिथे खारं पाणी जाऊ नये याची फार काळजी घेतात. समुद्रात यंत्राला सगळ्यात जास्त खातं ते मीठ.

इंटरनेट कशासाठी? वाऱ्यासाठी

तुम्ही म्हणाल, प्रवासाला निघालं की घरची आठवण येणारच, म्हणून फोन हवा. ते खरंच आहे. पण शिडाच्या बोटीवर इंटरनेटचं पहिलं काम घरी बोलणं नाही. पहिलं काम म्हणजे हवामान.

गणित सोपं आहे. अशी बोट ताशी साधारण ११ किलोमीटर चालते. सायकलपेक्षाही हळू. मोठं वादळ तिच्या कितीतरी पट वेगाने येतं. वादळ दिसल्यावर पळायचं म्हटलं तर बोट पळू शकत नाही. पण वादळाची खबर तीन दिवस आधी मिळाली, तर त्या तीन दिवसांत बोट जवळजवळ ८०० किलोमीटर बाजूला जाऊ शकते. म्हणजे मुंबईहून नागपूरच्या वाटेवरचा बहुतेक पल्ला. बोटीचा वेग वाढत नाही, हाती असलेला वेळ वाढतो. आणि समुद्रावर वेळ म्हणजेच जीव.

ही खबर कशी येते? हवामानाच्या खास बारीक फाइली असतात, त्यांना 'ग्रिब' म्हणतात. त्यात चित्र नसतं, नुसते आकडे असतात. कुठल्या ठिकाणी, कुठल्या वेळी वारा कुठून आणि किती वाहणार, लाट किती असणार. बोटीवरचा संगणक त्यावरून नकाशा काढतो. २० केबीची अशी एक फाइल त्या अरुंद वाटेनेसुद्धा मिनिटाभरात उतरते. फोटोला पावणेतीन तास आणि वादळाच्या खबरीला एक मिनिट. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना काय आधी हवं ते पक्कं माहीत होतं.

म्हणूनच रुंद वाट आली तरी जाणती माणसं अरुंद वाट टाकून देत नाहीत. मुसळधार पावसात, दाट ढगांत वेगवान डिशचा धागा मंदावतो, कधी तुटतोही. इरिडियमसारख्या साधनाच्या लहरी वेगळ्या असतात, त्यांना पावसाचा फारसा अडथळा होत नाही. नेमकं वादळात कोण कामाला येईल, हे यावरून ओळखा. आणि दोन्ही बंद पडली तर? भिंतीवर हवेचा दाब मोजणारं जुनं यंत्र असतंच. काटा भराभर खाली आला की शीड कमी करायचं. त्याला ना उपग्रह लागतो, ना रिचार्ज.

वीज मोजून वापरायची

शिडाच्या बोटीवर महावितरण नाही. वीज येते सौर पत्र्यांवरून, छोट्या पवनचक्कीवरून, नाहीतर डिझेल जाळून. ती बॅटरीत साठवायची आणि पुरवून पुरवून वापरायची. सुकाणू सांभाळणारं यंत्र, रात्रीचे दिवे, रडार, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, सगळी त्याच एका बॅटरीवर.

आता हिशेब करू. वेगवान डिश साधारण ६० वॅट वीज खाते असं धरा. एका जुन्या गोल बल्बएवढी. कमी वाटते ना? पण रात्रंदिवस चालू ठेवली तर २४ तासांत १,४४० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या भाषेत १२० अँपिअर-तास. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी १५० अँपिअर-तासांची असते. साधी बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरता येतात फक्त ७५. एकटी डिशच दिवसभरात दीड बॅटरीहून जास्त खाऊन टाकते. मग सुकाणूला काय उरलं?

म्हणून बऱ्याच बोटींवर डिश दिवसातून ठरावीक वेळच चालू करतात. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. दोन तासांत लागतात फक्त १० अँपिअर-तास. त्या वेळात आधी हवामान उतरवायचं, मग कामाचे निरोप, मग घरचं बोलणं आणि उरलं तर बाकीचं. हा क्रम कुणी मोडायचा नाही. आपल्या गटात जसं आधी बचत, मग कर्जाचा हप्ता, मग नवीन मागणी असा क्रम असतो, तसाच.

दुसरी काळजी डेटाची. फोन आपल्या नकळत किती डेटा खातो हे समुद्रात कळतं. ॲप आपोआप नवीन होतात, फोटो आपोआप वर चढतात, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ आपोआप उतरतात. बंदर सोडण्याआधी बोटीवरचे सगळे फोन घेऊन हे 'आपोआप' बंद करतात. समुद्रातलं पॅकेज घरच्या पॅकेजपेक्षा महाग असतं, म्हणून ही शिस्त. पण ती आपल्यालाही उपयोगी आहे. तुमचा दिवसाचा डेटा दुपारीच संपत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आपोआप उतरणारे व्हिडिओ बंद करून पाहा. फरक त्याच दिवशी दिसेल.

तिसरी काळजी डोळ्यांची. रात्री आळीपाळीने एकीने जागं राहायचं असतं. समोरून जहाज येतंय का, वारा फिरतोय का, ते पाहायचं असतं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाईलच्या उजेडाकडे क्षणभर पाहिलं की ते सगळं पुसलं जातं. म्हणून पहाऱ्यावर असताना मोबाईल नाही, हा नियम. आत काही वाचायचं तर लाल दिव्यात. आभाळातून इंटरनेट आलं म्हणून समुद्राकडे पाहायचं काम संपत नाही.

जीव वाचवणारा निरोप किती मोठा असतो?

आता खरी घडलेली एक गोष्ट सांगतो. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी २०१८ साली एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले होते. त्या शर्यतीचा नियम असा, की पन्नास वर्षांपूर्वीच्या खलाशांसारखं जायचं. दिशा शोधायला जीपीएस नाही, इंटरनेट नाही. पण जिवाच्या काळजीसाठी उपग्रहावरून छोटा मजकूर पाठवणारं एक यंत्र आणि संकटाचा इशारा देणारी साधनं बोटीवर होती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात त्यांना मोठं वादळ लागलं. बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. उठताही येईना. त्या अवस्थेत त्यांनी पाठवलेला निरोप जेमतेम आठ-दहा शब्दांचा होता. बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला मोठी इजा, उठता येत नाही. बस. तेवढ्यावर भारत, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सच्या यंत्रणा हलल्या. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांची बोट शोधली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' नावाच्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढे तेच अभिलाष टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने ती पूर्ण केली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जीव वाचवायला व्हिडिओ लागत नाही. आपण कोण, कुठे, काय झालं, एवढं पोहोचलं तरी पुरतं. दोन, संकटाचं साधन इंटरनेटपासून वेगळं असावं. बोटींवर 'ईपर्ब' नावाचं छोटं यंत्र असतं. त्याला स्वतःची बॅटरी असते, पाण्यात पडलं तरी चालतं आणि कुठलंही पॅकेज न भरता ते उपग्रहामार्फत बचाव केंद्राला ठिकाण कळवतं. इंटरनेटची डिश बोटीच्या विजेवर चालते. बोटीत पाणी भरलं की आधी वीज जाते आणि तिच्याबरोबर डिश.

तिसरी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांसाठी आहे. लांबच्या प्रवासाला निघताना जाणते खलाशी घरी एका माणसाला नेमून जातात. आम्ही रोज अमुक वेळेला ठिकाण कळवू. एक दिवस निरोप आला नाही तर घाबरायचं नाही, यंत्र बिघडलं असेल. अमुक तासांनंतरही आला नाही तर मात्र या केंद्राला कळवायचं. हे निघायच्या आधी ठरवून कागदावर लिहून ठेवतात. कारण रोज व्हिडिओ कॉलची सवय लागली की एका संध्याकाळची शांतताही घरच्यांचा जीव खाते. डिश बंद पडली म्हणजे बोट बुडाली असं नाही. पण किती वेळ थांबायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर घरचे एकतर उगाच रडतात, नाहीतर फार उशिरा हलतात.

आपल्या किनाऱ्यावर काय आहे?

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आपल्या बोटींवर हे वेगवान इंटरनेट नाही. पण उपग्रहाचा धागा आपल्याकडेही आला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आलं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. इशारा निघाला, पण मोबाईलच्या रेंजपलीकडे असलेल्या बोटींपर्यंत तो पोहोचवणार कसा? कित्येक घरांतले पुरुष परत आले नाहीत. त्यानंतर उपग्रहावरून इशारे पोहोचवण्याच्या कामाला जोर आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र आलं. ते उपग्रहावरून इशारा घेऊन ब्लूटूथने बोटीवरच्या मोबाईलला देतं. पण त्यात निरोप फक्त येतो, जात नाही.

पुढचं पाऊल आपल्या पालघरमध्येच पडलं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या कार्यक्रमात बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, किनाऱ्यावरची १३ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, मिळून १ लाख बोटी. यंत्र इस्रोने विकसित केलेलं आहे आणि मच्छीमाराला मोफत द्यायचं आहे. यात निरोप दोन्ही बाजूंनी जातो. 'नभमित्र' ॲपवर आपल्या भाषेत वादळाचा इशारा येतो आणि संकट आलं तर बोटीवरून मदतीची हाकही जाते. यावर गाणी ऐकू येणार नाहीत, व्हिडिओ दिसणार नाहीत. पण अभिलाष टॉमींचा निरोप आठवा. तेवढा यातून जातो.

किनाऱ्यावरच्या गटांना आमचं सांगणं आहे. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून, नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा समुद्रात जातात, त्याआधी घरात चार गोष्टी विचारा. आपल्या बोटीवर ट्रान्सपाँडर बसवला आहे का? नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी केली का? बसवला असेल तर तो चालू आहे का, फोनला जोडून पाहिला का? बोटीवरच्या किमान दोघांना मदतीची हाक कशी द्यायची ते येतं का? शिवाय घराच्या भिंतीवर तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. शेजारी बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, कधी निघाली, कधी परतणार, बरोबर किती जण आहेत हेही लिहा. त्या दिवशी हात थरथरत असतात, आठवत काही नाही. लिहिलेलं वाचता येतं.

डिश विकणारा दारात आला तर

शेवटचा मुद्दा सगळ्यांसाठी, डोंगरातल्या आणि जंगलातल्या भगिनींसाठी तर जास्तच. समुद्रावर चालतं ते रेंज नसलेल्या वाडीतही चालू शकतं. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांची नावं आहेत. म्हणजे हा विषय आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे.

पण सावध राहा. आपल्या देशात उपग्रहाचा फोन किंवा डिश विनापरवाना वापरणं गुन्हा आहे. याला कारणंही आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी समुद्रातूनच आले होते आणि त्यांच्याकडे उपग्रह फोन होता. २०२४ मध्ये अंदमानजवळ अमली पदार्थांनी भरलेली एक परदेशी बोट पकडली, तिच्यावर उपग्रह इंटरनेटची डिश सापडली. म्हणून परदेशातून चोरून आणलेली डिश 'स्वस्तात देतो' म्हणून कुणी आला, तर गटाचा एक रुपयाही देऊ नका. पैसे जातील आणि वर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल.

रीतसर सेवा आली तरी गटाच्या पैशाने डिश घेण्याआधी बोटीवरच्या बायांसारखा हिशेब करा. डिश कुठे बसवणार, तिथून उघडं आभाळ दिसतं का, की वर आंब्याची फांदी आहे? वीज गेली तर ती कशावर चालणार? डिश एकदाच घ्यायची, पण महिन्याचं भाडं दर महिन्याला, ते कोण भरणार आणि कोणत्या कामाच्या कमाईतून? चालू कोण करणार, बंद कोण करणार, बिघडली तर कुणाला फोन करणार? आणि सगळ्यात आधी, तिच्यावरून पहिलं काम कोणतं होणार? बोटीवर उत्तर ठरलेलं आहे, हवामान. आपल्या गटाचं उत्तर बाजारभाव असेल, बँकेचा व्यवहार असेल, मुलींचा अभ्यास असेल, नाहीतर रात्री बाळंतिणीसाठी १०८ ला लागणारा फोन असेल. पण ते ठरावाच्या वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच पुढे जा.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. तुमच्या गावात रेंज कुठे येते, कुठे येत नाही, याचा साधा नकाशा पोरींकडून काढून घ्या आणि ग्रामसभेत मांडा. मागणी करायची तर हातात कागद हवा. काही शंका राहिल्या तर आपल्या केंद्रावर चिठ्ठी पाठवा, आम्ही पुढच्या भागात उत्तरं देऊ. तोवर नमस्कार.